सरड्याचे कुंपण

यादीला वाङ्मय म्हणावे की न म्हणावे, हा प्रश्न आमच्या रसिकमंडळींनी कधी गंभीरपणे विचारात घेतलेला दिसत नाही. किराणा मालाची यादी, लग्नातील आहेराची यादी, कीर्द आणि खतावणी यांत रस शोधावयास कोणी जात नाही, हे खरे. तथापि अमरकोश ही एका अर्थी यादीच होय, आणि ती आमच्या पूर्वजांनी पिढ्यानुपिढ्या मुखोद्गत केली. मोल्सवर्थचा मराठी कोश हीही यादीच. परंतु ती चाळू लागले म्हणजे एका शब्दावरून दुसऱ्यावर जाता जाता दुपार कशी सरली हे ध्यानात येत नाही. तेव्हा यादी रूक्षच असली पाहिजे असा काही नियम नाही. ती कोणी केली, कोणत्या साक्षेपाने केली, आणि जे ठाऊक नाही ते तिने ठाऊक असल्यासारखे सांगितले काय, या तीन प्रश्नांवर तिची योग्यता ठरते.

प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका यादीचे परीक्षण करण्याचे योजिले आहे. डॉ. माल्कम स्मिथ यांचा ‘सॉरिया’ हा खंड ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत १९३५ साली प्रसिद्ध झाला. त्या काळचा हिंदुस्थान, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश यांतील पाली, सरडे, सापसुरळ्या व घोरपडी यांच्या सर्व ज्ञात जाती आणि त्यांचे वसतिस्थान यांची ही गणना आहे. ग्रंथ निघून सुमारे नव्वद वर्षे झाली. मग आज त्याचे परीक्षण कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, काव्याचा कस ते वाचल्याबरोबर लागतो, पण यादीचा कस लागण्यास दोन-तीन पिढ्या जाव्या लागतात. तिच्यावर विश्वासून जे रानात गेले त्यांना तिने वाट दाखविली की चुकविली, हे आता कोठे नीट पाहता येते. आम्ही प्राणिशास्त्राचे अध्यापक नव्हे. आमचा व्यवसाय पुस्तकांचा. पुस्तक म्हणूनच आम्ही या खंडाकडे पाहणार आहो.

प्रथम ग्रंथकर्त्याविषयी दोन शब्द. स्मिथ (१८७५–१९५८) हे वैद्य. स्यामच्या राजदरबारी त्यांनी अनेक वर्षे वैद्यकी केली, आणि त्या दरबाराच्या आठवणींचे एक पुस्तकही पुढे १९४७ साली प्रसिद्ध केले. सरपटणाऱ्या प्राण्यांचा नाद मात्र वैद्यकीपेक्षा जबर ठरला, आणि निवृत्तीनंतरचे आयुष्य त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये याच कामी वेचले. त्यांच्यापूर्वी या विषयावर दोन मोठे ग्रंथ झाले होते. पहिला ग्युंथरचा, १८६४ सालचा. दुसरा बुलांजेचा, १८९० सालचा. बुलांजेनंतर पंचेचाळीस वर्षांनी स्मिथचा खंड आला. या तिन्ही ग्रंथांना सामग्री पुरविली ती नाना ठिकाणच्या नाना व्यवसायांच्या माणसांनी. जर्डन हा मद्रासकडील लष्करी शल्यवैद्य. बेडम हा वनाधिकारी. स्टोलिच्का हा भूगर्भ खात्यातील, आणि तो तर १८७४ साली यारकंदहून परतताना लडाखात हिमशिखरांच्या वाटेवरच मृत्यू पावला. ही नावे येथे मुद्दाम सांगितली, कारण ग्रंथालयात बसून रचलेल्या यादीच्या प्रत्येक ओळीमागे कोणीतरी दगड उलथून पाहिलेला असतो, हे वाचकाने विसरू नये.

आता ग्रंथाच्या रचनेकडे वळू. प्रत्येक जातीच्या नोंदीचे साधारणतः चार भाग आहेत. प्रथम शास्त्रीय नाव व पूर्वीच्या ग्रंथकारांनी दिलेली पर्यायी नावे. मग देहलक्षणे, म्हणजे खवल्यांची संख्या, बोटांखालच्या पट्ट्या, मांडीवरील रंध्रे, रंग व मापे. तिसरा भाग वसतिस्थानाचा, म्हणजे ही जात कोठकोठे मिळते याचा. आणि माहिती असेल तेथे शेवटी राहणीविषयी काही वाक्ये. भाषा आखूड आणि नेटकी आहे. विशेषणाचा सोस नाही, आणि शब्दाने माहितीची उणीव झाकण्याचा प्रयत्नही नाही. मल्लिनाथाने टीका लिहिताना जी प्रतिज्ञा केली, की निराधार काही लिहावयाचे नाही आणि अनपेक्षित काही सांगावयाचे नाही, ती या परदेशी वैद्याने न जाणता पाळली आहे असे आम्हास वाटले. साडेचारशेच्या आतबाहेर पृष्ठांत एवढा विषय आटोपला तो यामुळेच.

परंतु ग्रंथाचा खरा प्राण चारांपैकी कोणत्या भागात आहे? सामान्य वाचक म्हणेल, नावात. अभ्यासक म्हणेल, देहलक्षणात. आमच्या मते तो तिसऱ्या भागात आहे; त्या दोन-तीन ओळींत, ज्या बहुतेक लोक ओलांडून जातात. नाव बदलता येते, लक्षणे पुन्हा मोजता येतात. परंतु एखादा नमुना कोठे धरला हे एकदा नोंदवावयाचे राहिले, की ते पुढे कोणत्याही बुद्धिमत्तेने भरून काढता येत नाही. इतिहासाच्या वाचकांना हे निराळे समजावून सांगणे नलगे. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापावयास आरंभ केला, तेव्हापासून अस्सल कागद कोणता, नक्कल कोणती, आणि तो कोणाच्या दप्तरात सापडला, हे विचारण्याची सवय महाराष्ट्राला लागली. संग्रहालयातील मद्यार्कात बुडविलेली पाल हाही एक अस्सल कागदच आहे. तिच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर गावाचे नाव नसेल, तर ती पाल म्हणजे मिती नसलेले पत्र.

चिठ्ठी खरी असली म्हणजे काय घडते, याचे एक उदाहरण पाहा. बेडमने १८७० साली तिरुपतीच्या डोंगरांतील एका सोनेरी रंगाच्या पालीचे वर्णन केले. पुढे शतकाहून अधिक काळ तिचा मागमूस नव्हता, आणि ती नष्ट झाली असावी असा तर्क करावयास पुरेशी जागा होती. तथापि बेडमने डोंगर कोणता ते लिहून ठेविले होते. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या मंडळींना ती आंध्रातील पूर्व घाटात पुन्हा आढळली, आणि त्यांनी १९८६ साली ते वृत्त प्रसिद्ध केले. त्यानंतर पूर्व घाटात आणखीही ठिकाणी ती मिळाली. एका वनाधिकाऱ्याच्या प्रामाणिक ओळीने शंभर वर्षे वाट पाहिली आणि शेवटी आपले म्हणणे खरे करून दाखविले.

चिठ्ठी खोटी वा संदिग्ध असली म्हणजे काय होते, याचीही उदाहरणे स्मिथच्याच खंडात आहेत, आणि येथून आमचा आक्षेप सुरू होतो. आपल्याकडील घरांत व दगडाधोंड्यांत आढळणाऱ्या एका ठिपकेदार पालीला त्यांनी हेमिडॅक्टिलस ब्रूकी म्हटले. हे नाव मुळात १८४५ साली ग्रे याने दिले, आणि ते बोर्निओ व ऑस्ट्रेलिया येथील म्हणून आलेल्या नमुन्यांवरून. हिंदुस्थानातील पालीने बोर्निओचे नाव दीडशे वर्षे मिरविले. अलीकडे अभ्यासकांनी ते गाठोडे सोडले, तेव्हा त्या एका नावाखाली अनेक जाती कोंबलेल्या आढळल्या. बागेतल्या सरड्याचीही तीच कथा. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ म्हणून ज्याला आम्ही हिणवितो, त्याची धाव कोशांनी अफगाणिस्तानापासून दक्षिण चीनपर्यंत नेऊन ठेविली होती! दोदँ याने १८०२ साली वर्णिलेल्या या कॅलोटिस व्हर्सिकलर जातीत वस्तुतः चार निरनिराळ्या जाती आहेत, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. आणि त्यांतील एकीसाठी हार्लनने १८२५ साली दिलेले, पुढे अडगळीत पडलेले नाव पुन्हा बाहेर काढावे लागले. म्हणजे म्हणच खरी ठरली म्हणावयाची. प्रत्येक सरड्याला कुंपण आहे; ते कोशकाराला दिसले नव्हते इतकेच.

परंतु महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय उदाहरण आहे ते पंखगळ्या सरड्याचे. गळ्याखालचा पडदा पंख्यासारखा उघडून मिटणारा हा जमिनीवरचा लहान सरडा. क्यूव्हिएने १८२९ साली पाँडिचेरीच्या नावावरून त्याला सिताना पाँटिसेरियाना म्हटले. जर्डनने १८७० साली दख्खनमधील सरडा निराळा म्हणून त्याला ‘दख्खनचा’ या अर्थाचे नाव दिले. स्मिथच्या खंडात मात्र सिताना या प्रजातीत जात एकच राहिली, आणि जर्डनचे नाव पर्यायी नावांच्या रांगेत जाऊन बसले. पाँडिचेरीचा किनारा आणि सह्याद्रीचे माथे यांत एकच प्राणी नांदतो, असा त्याचा अर्थ. प्रजाती एकाच जातीची ही समजूत १९९८ पर्यंत टिकली. शेवटी २०१६ साली काही भारतीय संशोधकांनी द्वीपकल्पभर फिरून, नमुने मोजून व त्यांच्या जननद्रव्याची तुलना करून एक नवी प्रजाती व पाच नव्या जाती प्रसिद्ध केल्या. जर्डनचा दख्खनी सरडा निराळा होता हे सिद्ध झाले. नव्या प्रजातीला त्यांनी जे नाव दिले ते वाचून मराठी माणसाला संतोष झाल्यावाचून राहणार नाही. ते नाव आहे ‘सरडा’. लॅटिन नावांच्या त्या दरबारात आमचा घरगुती शब्द आता मानाने बसला आहे.

कोणी म्हणेल, एका सरड्याचे दोन झाले काय नि चार झाले काय, जगाचे त्यात काय अडले? या प्रश्नाला टाळून जाणे आम्हास प्रशस्त वाटत नाही, कारण यादीची सारी किंमत याच्या उत्तरावर अवलंबून आहे. २०१६ साली वर्णिलेल्या जातींपैकी ‘सरडा सुपर्बा’ ही सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरची. निळा, काळा व नारिंगी अशा तीन रंगांचा गळा असलेला हा सरडा आजच्या माहितीप्रमाणे सातारा परिसरातील उंच पठारांपुरताच आहे. त्याच पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, जेथे पवनचक्क्या नाहीत तेथे शिकारी पक्षी त्या असलेल्या भागापेक्षा जवळजवळ चौपट आहेत. पक्षी हटले, म्हणून चक्क्यांखाली सरडे वाढले. पण वाढलेले सरडे निर्धास्त झाले, माणूस अगदी जवळ येईतो पळेनासे झाले, अंगाने रोडावले, आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके पडले. आता विचार करा. पाँडिचेरीपासून सह्याद्रीपर्यंत सर्वत्र असणारा एक सामान्य सरडा एवढीच या प्राण्याची नोंद राहिली असती, तर एका पठारावर त्याचे काय झाले याची दखल घेण्याचे कारण कोणालाच उरले नसते. नोंद नेमकी झाली म्हणून ते पठार त्याचे एकमेव घर ठरण्याचा संभव आहे हे कळले. वीज हवी की सरडा हवा, हा वाद येथे आम्ही घालीत नाही. परंतु वाद घालावयास बसणाऱ्यांच्या पुढे खरा कागद तरी असावा, आणि तो कागद म्हणजे यादीतील ती वसतिस्थानाची ओळ.

येथवर आम्ही स्मिथ यांच्या उणिवा सांगितल्या. पण न्यायासनावर बसलेल्याने एकच बाजू सांगणे योग्य नव्हे. त्यांच्याजवळ जननद्रव्याची परीक्षा नव्हती, पुरेसे नमुने नव्हते, आणि जे होते त्यांतील अनेकांच्या चिठ्ठ्या त्रोटक होत्या. थोड्या पुराव्यावर अनेक जाती मानण्यापेक्षा एक मानणे त्यांना अधिक सुरक्षित वाटले असल्यास तो संयमाचा अतिरेक म्हणता येईल. बेपर्वाई म्हणता येणार नाही. शिवाय जेथे त्यांची नजर पोहोचली तेथे ती फार खोल गेली. दक्षिणेतील अनैमलै डोंगरांची एक पाल ग्युंथरने १८७५ साली वर्णिली होती. तिची बोटे पाहून स्मिथने १९३३ साली तिच्यासाठी ‘द्राविडोगेको’ ही स्वतंत्र प्रजाती मांडली. १९९५ साली इतर विद्वानांनी ती मोडून हेमिडॅक्टिलसमध्ये मिसळली. २०१९ साली पुन्हा परीक्षा झाली, तेव्हा स्मिथचा निर्णयच खरा ठरला; प्रजाती पुनःस्थापित झाली, आणि तिच्यात सहा नव्या जातींची भर पडली. त्यांतील एकीला स्मिथचे नाव आहे, आणि दुसरीला वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांचे. मतभेद झाले, खोडाखोड झाली, आणि शेवटी पूर्वसूरीचे ऋणही मान्य झाले. वादाची ही रीत आमच्या साहित्यिकांनी अनुकरणीय मानावी.

उलट पक्षी, आजच्या नव्या नामकर्त्यांनाही दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. गेल्या काही वर्षांत एकट्या सह्याद्रीच्या परिसरात किती नवी नावे आली पाहा. २००८ साली साताऱ्याच्या नावाची एक पाल आणि जुन्नरजवळच्या घाटघरची दुसरी. २००९ साली कोल्हापूरच्या नावाची. २०१४ साली कासच्या पठारावरची. २०१९ साली कोयनेच्या नावाची. ज्या कासला पावसाळा सरता सरता फुले पाहावयास झुंडीच्या झुंडी लोटतात, तेथील पालीला नाव मिळावयास २०१४ साल उजाडावे लागले, हे आमच्या पाहण्याच्या सवयीविषयी पुष्कळ काही सांगून जाते. परंतु नावे वाढली म्हणजे ज्ञान वाढलेच असे नाही. एका डोंगरावर पाल सापडली आणि शेजारच्या डोंगरावर कोणी गेलेच नाही, तर ‘ती येथेच राहते’ हे वाक्य पालीविषयी नसून संशोधकाच्या पायपिटीविषयी असते. पूर्वीच्या कोशकारांनी कुंपण नसलेले रान दाखविले. आजच्यांनी आपल्या वाटेच्या कडेलाच कुंपण ठोकू नये. न सापडणे आणि नसणे यांतील अंतर ज्या यादीत स्पष्ट लिहिलेले असेल तीच यादी विश्वासार्ह होय.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. ‘कोठे’ हा प्रश्न यादीचा प्राण, असे आम्ही वर म्हटले. पण याच उत्तराने प्राण्याचा प्राणही जाऊ शकतो. चीन आणि व्हिएतनाम यांच्या सरहद्दीकडील गोनियुरोसॉरस लुई नावाची एक देखणी पाल १९९९ साली शास्त्रीय ग्रंथांत आली, आणि तिचे ठिकाण कळताच शौकिनांना प्राणी पुरविणाऱ्या व्यापाऱ्यांनी ते ठिकाण पार लुटले. शास्त्रीय वर्णनच जातीच्या मुळावर कसे येते, याविषयी २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात संशोधकांना इशारा द्यावा लागला. तेव्हापासून काही अभ्यासक नेमके ठिकाण छापीत नाहीत. आमचे मत असे की, ठिकाण लिहिलेच पाहिजे, पण ते संग्रहालयाच्या दप्तरात, जबाबदार माणसाला पाहता येईल असे. छापील पानावर तालुक्याचे नाव पुरे. कुलुपात ठेविलेला कागद अस्सलच राहतो. न लिहिलेला कागद मात्र कोणालाच कधी उपयोगी पडत नाही.

शेवटी आमच्या वाचकवर्गाविषयी. मराठी घरांत पालीचा संबंध बहुधा दोनच प्रसंगी येतो : ती चुकचुकली म्हणजे, आणि ती अंगावर पडली म्हणजे. आमच्या पंचांगांत पल्लीपतनाचे कोष्टक असते, आणि मौज अशी की त्यातही सारे महत्त्व ‘कोठे’ यालाच आहे. मस्तकावर पडली तर एक फळ, खांद्यावर पडली तर दुसरे. पाल मनुष्यदेहावर कोठे पडते याचा एवढा बारीक विचार ज्या समाजाने केला, त्याने ती देशात कोठे राहते याचा विचार परकीय वैद्यांवर आणि वनाधिकाऱ्यांवर सोपविला, ही गोष्ट भूषणावह खचित नव्हे. आता तो विचार आमचीच तरुण मंडळी करीत आहेत, आणि नामांकित परदेशी नियतकालिके त्यांचे निबंध छापीत आहेत. उणीव आहे ती मराठी ग्रंथाची. पाल, सरडा, सापसुरळी आणि घोरपड या चार शब्दांवर आमच्या भाषेचा संसार चालला आहे. या चार शब्दांच्या पोटात किती जाती आहेत, त्या कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या खडकावर, कोणत्या झाडावर राहतात, हे शाळेतल्या मुलाला कळेल अशा मराठीत सचित्र सांगणारा ग्रंथ कोणी सिद्ध करील तर तो प्राणिशास्त्राइतकीच भाषेचीही सेवा करील.

एकंदरीत पाहता स्मिथ यांचा हा खंड दोषयुक्त आहे, आणि तरीही तो थोर आहे. त्यातील अनेक निर्णय फिरले, पुढेही फिरतील; परंतु ते फिरविता आले याचे श्रेय पुष्कळ अंशी त्यांच्याच पद्धतीला आहे. कोणाचे मत कोणते, जुने नाव कोणते, नमुना कोठला, हे त्यांनी वाचकापासून लपविले नाही. जर्डनचे नाव त्यांनी मान्य केले नाही, पण पर्यायी नावांच्या रांगेत ते जपून ठेविले. म्हणूनच आठ दशकांनी कोणाला तरी ते उचलून पुन्हा त्याच्या जागी बसविता आले. ज्यांना नाकारले त्यांनाही आपल्या पानावर जागा देणारा कोशकार विरळा. पुढच्या यादीकारांनी एवढा एक गुण घेतला तरी पुरे आहे.